मेडिकल स्कूलच्या वेटलिस्टवर नाव आलंय? या चुका टाळा

मार्चमध्ये मुलीला वेटलिस्टचा ईमेल आला आणि त्याच रात्री सांगलीहून माझ्या बाबांचा फोन आला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "वेटिंग कितवं आहे?" रेल्वेचं आरक्षण आणि आपल्याकडच्या मेरिट लिस्ट पाहत आयुष्य गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? मला न्यू जर्सीत वीस वर्षं झाली, तरी माझ्याही डोक्यात तेच होतं: नंबर असेल, वरची मुलं गळतील, यादी सरकेल, आपण फक्त थांबायचं.

इथूनच बहुतेक चुका सुरू होतात. अमेरिकेतल्या बऱ्याच मेडिकल स्कूलमध्ये या यादीला नंबर नसतो. काही शाळा क्रम लावतात, काही गट पाडतात, आणि कित्येक शाळा जागा रिकामी झाली की भरत आलेल्या वर्गात कशाची उणीव आहे ते पाहून नाव उचलतात. २०२३ साली इथे ५२ हजारांहून जास्त मुलांनी एमडीसाठी (इथली डॉक्टर होण्याची मूळ पदवी) अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळाला. तुमची मुलगी वेटलिस्टवर आहे याचा अर्थ समितीने तिची फाइल वाचली आहे, मुलाखत घेतली आहे आणि ही डॉक्टर होऊ शकते हे मान्य केलं आहे. ते पुन्हा पटवून देत बसायची गरज नाही. तिच्याकडे आज असं काय आहे जे मुलाखतीच्या दिवशी नव्हतं, एवढंच आता सांगायचं असतं.

पालकांनी फोन करणं

मी केला होता. पलीकडच्या बाई सौजन्याने बोलल्या, पण अर्जदाराशिवाय कुणाशीही काही बोलता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मुलगी शेजारीच उभी होती. "आई, प्लीज, पुन्हा नको करूस," एवढंच म्हणाली आणि खोलीत गेली. माझी काळजी खरी होती, पण त्या फोनने तिचं काहीच भलं झालं नाही. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना ही शाळा रुग्णांसमोर उभं करणार आहे, त्यांचा फोन आईने करून कसं चालेल? आपलं काम घरात आहे. तिचं पत्र वाचून "हे मला कळलं नाही" असं सांगणं, आणि रोज संध्याकाळी "काही आलं का गं?" असं न विचारणं.

ईमेल नीट न वाचणं

वेटलिस्टवर राहायचं असेल तर काही शाळांच्या पोर्टलवर जाऊन तसं कळवावं लागतं, नाहीतर नाव निघतं. काही शाळा नवी माहिती आनंदाने घेतात, काही फक्त पोर्टलमधूनच घेतात आणि काही "काहीही पाठवू नका" असं लिहूनच देतात. तसं लिहिलं असेल तर खरंच पाठवू नका. सूचना पाळता येत नाहीत, एवढंच त्या जादा पत्रातून कळतं.

पत्रात तेच ते लिहिणं

इथे मी जरा जास्त थांबते, कारण सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच.

पत्रं दोन प्रकारची असतात. एक अपडेट लेटर, ज्यात नवं काय घडलं ते असतं आणि जे चालत असेल तिथे चार शाळांनाही पाठवता येतं. दुसरं लेटर ऑफ इंटेंट: "तुम्ही जागा दिलीत तर मी तुमच्याकडेच येईन." हे एकाच शाळेला द्यायचं. दोन शाळांना एकच शब्द देणं म्हणजे सरळ खोटं बोलणं, आणि डॉक्टर होऊ घातलेल्या मुलाने सुरुवातच तिथून करावी असं मला अजिबात वाटत नाही. अजून मन ठरलं नसेल तर "मला तुमच्या शाळेत खूप रस आहे" इतकंच लिहावं. तेही खरं असेल तरच.

मुलीचा पहिला मसुदा असा होता: वैद्यकशास्त्राची ओढ कायम आहे, क्लिनिकमध्ये आणखी इतके तास काम केलं, या सेमिस्टरला चांगले मार्क मिळाले. चूक काही नव्हती, पण ते पत्र कुणाचंही असू शकलं असतं. मी विचारलं, "त्या तासांत झालं काय?" तेव्हा तिने सांगितलं. मोफत दवाखान्यात एक आजी आल्या होत्या, लेकाकडे सहा महिन्यांसाठी. साखर वाढलेली. गोळ्या रोज घेते म्हणाल्या. माहिती भरून घेताना मुलीने मराठीत विचारलं, "आजी, गोळी अख्खी घेता ना?" त्या अर्धी घेत होत्या. भारतातून आणलेल्या गोळ्या परतीच्या तिकिटापर्यंत पुरवायच्या होत्या, आणि लेकाला खर्चात पाडायचं नव्हतं. मुलीने ते नर्सला सांगितलं, डॉक्टरांनी औषधाची सोय केली. त्यानंतर दवाखान्याच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न वाढला: औषध पुरवून पुरवून घेता का?

हे पत्रात आलं, आजींची ओळख कळणार नाही अशा बेताने. शिवाय त्या शाळेचं विद्यार्थ्यांनी चालवलेलं क्लिनिक आहे आणि तिथे हेच काम पुढे करायचं आहे, हेही आलं. सगळं मिळून एक पान. पत्र असं हवं की त्यातलं शाळेचं नाव बदललं तर ते निरर्थक व्हावं.

किती पत्रं? मार्च-एप्रिलमध्ये एक, आणि नंतर खरोखर काही घडलं तर आणखी एक. दर आठवड्याला ईमेल नको.

भारतातल्या सुट्टीचा अनुभव फुगवणं

आपल्या घरांमध्ये हे हमखास होतं. मामाचं किंवा काकाचं हॉस्पिटल असतं, मूल सुट्टीत जातं, आणि मामा कौतुकाने हातात सिरिंज देतो, ओटीत उभं करतो, कधी टाकाही घालू देतो. मग अर्ज बळकट करायचा म्हणून हेच ठळकपणे लिहिलं जातं. इथल्या समित्यांच्या नजरेत ती धोक्याची खूण ठरते. अमेरिकन मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची, म्हणजे एएएमसीची, यावर स्पष्ट मार्गदर्शक तत्त्वं आहेत: जे काम प्रशिक्षणाशिवाय अमेरिकेत करता येत नाही, ते परदेशातही करू नये. गरीब रुग्णाच्या अंगावर शिकणं हा अनुभव नव्हे, नीतीचा प्रश्न आहे. मला हे पूर्ण पटतं. सांगलीच्या वॉर्डात बसून काय पाहिलं, नातेवाईक जमिनीवर चटई टाकून कसे झोपतात, बिल कोण भरतं, ते जरूर लिहा. इंजेक्शन दिलं हे लिहू नका, आणि मुळात देऊच नका.

शिफारसपत्राचंही तसंच. महाराष्ट्र मंडळातले मोठे कार्डिऑलॉजिस्ट मुलीला गणेशोत्सवात दोनदा भेटले असतील, तर त्यांच्या पत्राला वजन नाही. तिच्यासोबत आठवड्याला आठ तास काम करणाऱ्या नर्स मॅनेजरच्या पत्राला आहे, अर्थात शाळा जादा पत्र स्वीकारत असेल तर.

घाईत पुन्हा एमकॅट

एमकॅट, म्हणजे इथली मेडिकलची प्रवेश परीक्षा, ४७२ ते ५२८ गुणांची असते आणि आयुष्यात सातदाच देता येते. निकाल लागलेला प्रत्येक प्रयत्न शाळेला दिसतो. वेटलिस्टच्या ताणात तीन आठवडे अभ्यास करून दिलेली परीक्षा बहुधा या वर्षी कामी येत नाही, आणि गुण घसरले तर पुढच्या वर्षीही आडवी येते. सराव परीक्षांमध्ये गुण सातत्याने वर येत असतील तरच द्यावी.

तारखा आणि एक बटण

एएएमसीच्या पोर्टलवर ३० एप्रिलपर्यंत हाती असलेल्या जागांपैकी एकच ठेवायची असते. पण वेटलिस्टवर राहता येतं. "प्लॅन टू एनरोल" (सध्या इथे यायचा बेत आहे) निवडल्याने इतर वेटलिस्ट सुटत नाहीत. "कमिट टू एनरोल" (इथेच येणार, नक्की) निवडलं की बाकी सगळीकडून नाव काढून घ्यावं लागतं. भीतीपोटी मेमध्येच हे दुसरं बटण दाबून बसलेली मुलं मी पाहिली आहेत. शाळेने दिलेली मुदत बघा आणि तोवर थांबा. टेक्सासची अर्ज यंत्रणा वेगळी आहे, तिचे नियम वेगळे वाचा.

यादी जास्त हलते ती ३० एप्रिलनंतर, आणि वर्ग सुरू होईपर्यंत हलत राहते. उत्तराला मिळणारा वेळ शेवटी शेवटी दोन-चार दिवसांवर येतो. पैशांचं गणित तेव्हा सुरू करून चालत नाही, विशेषतः आता. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद, आणि मेडिकलसाठी सरकारी कर्जाला वर्षाला ५० हजार डॉलरची मर्यादा. वरचे पैसे कुठून येणार, हे एप्रिलमध्येच घरात बसून बोला. वेटलिस्टवरच्या शाळेचं नाव एफएएफएसए अर्जातही (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) घालून ठेवा.

पुढच्या वर्षाचा अर्ज थांबवून ठेवणं

नवा एएमसीएएस अर्ज (बहुतेक एमडी शाळांसाठीचा एकच सामायिक अर्ज) मेच्या सुरुवातीला उघडतो आणि महिनाअखेरीस पाठवता येतो, म्हणजे वेटलिस्टचा निकाल लागण्याआधीच. हातात एकही जागा नसेल तर दोन्ही कामं एकाच वेळी चालवावी लागतात. मनाला जड जातं, पण ऑगस्टपर्यंत थांबलं तर मुलाखतींच्या रांगेत आपण मागे पडतो. आणि जुना अर्ज तसाच पुन्हा पाठवू नये. शाळेकडे तो असतो.

माझ्या मुलीला त्या उन्हाळ्यात फोन आला नाही. तिने निबंध पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिला, अर्जातल्या कामांच्या आणि अनुभवांच्या पंधरा नोंदींपैकी चार काढून टाकल्या, आणि दवाखान्यात आठवड्यातले दोन दिवस तसेच चालू ठेवले. पुढच्या फेरीत एका शाळेने सेकंडरीमध्ये, म्हणजे सामायिक अर्जानंतर येणाऱ्या शाळेच्या स्वतःच्या अर्जात, विचारलं, "गेल्या अर्जानंतर काय बदललं?" तिला उत्तर शोधावं लागलं नाही. मार्चपासून ती एक वही ठेवत होती. पहिल्या पानावर त्या आजींच्या गोळ्यांचा हिशोब होता.