हायलायटरसाठी नैसर्गिक केसांचा मऊ ब्रश: कसा निवडावा, कसा वापरावा

हायलायटर, म्हणजे चेहऱ्याच्या उंचवट्यांवर लावायचं चमकदार प्रसाधन, नीट बसला की चेहऱ्यावर आतून तेज आल्यासारखं वाटतं. नाही बसला, तर गालावर चकचकीत पट्टा ओढलेला दिसतो. असं झालं की आपण पावडरला नावं ठेवतो आणि दुसरी डबी आणतो. माझं म्हणणं असं, की डबी बदलण्याआधी ब्रश बदलून पाहा. हायलायटरचा सगळा खेळ थोडक्या पावडरचा आहे आणि ती किती उतरणार हे ब्रश ठरवतो.

मात्र ‘जितका मऊ ब्रश तितका चांगला’ हा समज मनातून काढून टाका. अतिशय मऊ ब्रश कडक दाबलेल्या पावडरवर फिरवला, तर तो जवळजवळ रिकामाच परत येतो. मग आपण जोर लावतो, केस मोडतात, आणि महागाचा ब्रश कुचकामी निघाला असं वाटतं. ब्रशचा मऊपणा पावडरच्या कडकपणाशी जुळला पाहिजे. खरेदी करताना मी सगळ्यात आधी हेच बघते.

नैसर्गिक केसच का?

आपल्या केसांसारखंच प्राण्याच्या केसावरही सूक्ष्म खवल्यांचं आवरण असतं. कोरडी पावडर या खवल्यांत अडकते आणि ब्रश त्वचेवरून फिरताना हळूहळू सुटते. कृत्रिम तंतू मुळात गुळगुळीत असतो. त्यावरची पावडर पहिल्याच स्पर्शात बरीचशी उतरते आणि गालावर एकाच जागी ठिपका पडतो. हल्ली कृत्रिम तंतूंनाही निमुळती टोकं आणि बारीक नागमोडी पोत देतात. त्यातले चांगले ब्रश खरोखर छान काम करतात, तरी कोरड्या पावडरचा अगदी विरळ थर देण्यात नैसर्गिक केस अजून सरस वाटतो.

हायलायटरची चमक बहुधा अभ्रकाच्या चपट्या कणांमुळे येते. अनेकदा या कणांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा पातळ लेप असतो. हे कण त्वचेवर आडवे, सपाट बसले की प्रकाश सलग परावर्तित होतो आणि ओलसर, रेशमी तेज दिसतं. ते वेडेवाकडे, ढिगाने बसले की सुटे ठिपके चमकतात आणि त्वचेची छिद्रंही उठून दिसतात. मऊ ब्रशचे हलके फटकारे कणांना सपाट बसायला मदत करतात. म्हणून एकच हायलायटर एका ब्रशने देखणा दिसतो आणि दुसऱ्याने भडक.

आधी डबी तपासा

कोरडं, स्वच्छ बोट हायलायटरवरून एकदाच हलकेच फिरवा. बोटावर भरपूर पावडर आली तर ती मऊ. जेमतेम चमक दिसली तर ती कडक. भाजून घट्ट केलेले, म्हणजे बेक्ड हायलायटर बरेचदा या दुसऱ्या गटात मोडतात. सुटी पावडर असेल तर प्रश्न उलटा होतो, कारण ती हवी त्यापेक्षा जास्तच उचलली जाते.

बोटाला चिकट, मलईसारखा थर लागला तर तो क्रीम हायलायटर. त्याला नैसर्गिक केसांचा ब्रश लावूच नका. तेल केसांच्या खवल्यांत शिरतं, केस एकमेकांना चिकटतात आणि कितीही धुतलं तरी ब्रश पूर्वीसारखा मोकळा होत नाही. क्रीम आणि द्रव हायलायटरसाठी कृत्रिम ब्रश किंवा बोट, दोन्ही उत्तम.

कोणता केस?

खारीचा केस सगळ्यात मऊ. तो बारीक, लवचीक आणि जवळजवळ वजनहीन वाटतो, पण त्यात उसळी नसते. दाबला की दबतो. मऊ किंवा सुट्या पावडरला, नाजूक त्वचेला आणि ज्यांना जेमतेम जाणवेल इतकीच चमक हवी आहे त्यांना तो योग्य. कडक डबीपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. तो नाजूकही असतो, त्यामुळे वारंवार धुणं त्याला सोसत नाही.

शेळीचा केस हा रोजच्या वापराचा भरवशाचा पर्याय. त्यात इतक्या प्रती आहेत की ‘शेळीचा केस’ एवढ्या शब्दांवरून काहीच कळत नाही. एकाच शेळीच्या अंगावर वेगवेगळ्या भागांतले केस वेगवेगळ्या जाडीचे असतात. निवडक बारीक केसांचा ब्रश गालाला रेशमासारखा लागतो, जाड्याभरड्या केसांचा टोचतो. एकच ब्रश घ्यायचा असेल तर उत्तम प्रतीच्या शेळीच्या केसांचा घ्या, असं मी ठामपणे सांगेन. त्याला पुरेशी उसळी असते, मध्यम कडक पावडरही तो उचलतो आणि धुण्याला टिकतो.

पोनीचा, म्हणजे घोड्याचा केस जास्त ताठ असतो. नुसता वापरला तर गालाला खरखरीत वाटू शकतो, शेळीच्या केसांत मिसळला की कडक पावडरसाठी उपयोगी पडतो. शिवाय दुहेरी तंतूंचे ब्रशही मिळतात. त्यात खाली नैसर्गिक केसांचा दाट थर आणि वर लांब, विरळ कृत्रिम तंतू असतात. ज्यांचा हात जड आहे त्यांना हा प्रकार फार सोयीचा, कारण विरळ टोकं जास्त पावडर घेतच नाहीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हे केस प्राण्यांचेच आहेत. खारीच्या शेपटीचा केस जिवंत खारीचा कातरून घेतलेला नसतो. तो मुख्यत्वे फरच्या व्यवसायातून येतो. ‘नैसर्गिक’ या शब्दाचा अर्थ ‘प्राण्याला इजा न करता मिळवलेला’ असा होत नाही. हे मनाला पटत नसेल तर निमुळत्या टोकांचा चांगला कृत्रिम ब्रश घ्या. पुढे सांगितलेली लावण्याची पद्धत त्यालाही जशीच्या तशी लागू पडते. प्राण्यांच्या केसांची ॲलर्जी असणाऱ्यांनीही तोच मार्ग धरावा.

आकार आणि बांधणी

गालाच्या हाडावरची चमकीची जागा साधारण बोट-दीड बोट रुंद असते. ब्रशचा माथा त्याहून फार रुंद नको. ब्लशचा मोठा ब्रश हायलायटरला वापरला की चमक गालभर पसरते आणि चेहरा तेलकट दिसतो. मध्ये फुगीर आणि टोकाला निमुळता, ज्योतीच्या आकाराचा ब्रश मला सर्वात उपयोगी वाटतो. टोकाने नाकाचा कणा आणि वरच्या ओठावरची खाच साधते, कुशीने गालाचं हाड. पंख्याच्या आकाराचा ब्रश दिसतो सुंदर, आणि भरपूर उतरणाऱ्या पावडरला तो छानच. पण विरळ, चपटा असल्यामुळे चमकीच्या कडा विरघळवायला त्याचा फारसा उपयोग होत नाही.

केस जितके लांब आणि सैल, तितका थर विरळ. जितके आखूड आणि दाट, तितकी चमक ठळक.

चांगल्या ब्रशमध्ये केसांची मूळची निमुळती टोकं राखलेली असतात. केस आधी साच्यात बसवून माथ्याला आकार देतात आणि मग मुळाशी बांधतात. स्वस्त ब्रशमध्ये केस बांधून झाल्यावर वरून कात्रीने छाटतात. छाटलेलं टोक बोथट होतं आणि तेच टोचतं. जपानमध्ये हिरोशिमा प्रांतातलं कुमानो हे गाव टोकं राखून ब्रश बांधण्याच्या कलेसाठी प्रसिद्ध आहे. तिथली ही कला मुळात लेखनाच्या कुंचल्यांची. 1975 मध्ये तिला जपान सरकारने पारंपरिक हस्तकलेचा दर्जा दिला, आणि 2011 मध्ये जपानच्या महिला फुटबॉल संघाने विश्वचषक जिंकल्यावर राष्ट्रीय सन्मानासोबत खेळाडूंना कुमानोचे मेकअप ब्रश भेट दिले गेले. तुमचा ब्रश तिथला असण्याची गरज नाही. टोकं राखलेली आहेत का, एवढं मात्र पाहाच.

ब्रश हातात घेऊन पाहताना

तळहातावर फिरवून काही कळत नाही, तिथली कातडी जाड असते. मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवा. आधी सरळ फटकारे मारा, मग टोकं त्वचेवर टेकवून गोल फिरवा, दोन्ही दिशांनी. छाटलेले केस सरळ फटकाऱ्यात लपतात आणि गोल फिरवताना टोचू लागतात. मग माथा उजेडासमोर धरा. टोकाकडे केस विरळ होत गेलेले दिसले तर ठीक. एका रेषेत कापल्यासारखी कड दिसली तर ठेवून द्या.

केस धरणारी धातूची नळी दांड्यावर हलत नाही ना, तेही बघा. केस हलकेच ओढल्यावर नव्या ब्रशमधून एखाद-दुसरा सुटा केस येतोच. पुंजका हातात आला तर बांधणी कच्ची. ऑनलाइन घेताना हे काहीच करता येत नाही, म्हणून निदान केस कोणत्या प्राण्याचा, त्याची लांबी किती आणि माथ्याची रुंदी किती, एवढं लिहिलेलं असेल तरच घ्या. नुसतं ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिलेलं पुरेसं नाही.

लावायचं कसं

फाउंडेशन किंवा क्रीम ब्लश लावला असेल तर तो आधी पूर्ण बसू द्या. ओलसर त्वचेवर पावडर जिथे टेकते तिथेच चिकटते, पुढे सरकत नाही. बोट लावून पाहा. चिकट लागलं तर थांबा, किंवा त्या जागी साधी पावडर अगदी पातळ लावून घ्या.

ब्रश दांड्याच्या मागच्या टोकाजवळ धरा. पुढे धरला की नकळत दाब वाढतो. मग ब्रशची कूस हायलायटरवर टेकवून एक-दोन वेळा हलकेच फिरवा. टोक आत खुपसू नका. त्याने केस वाकतात आणि पावडर माथ्याच्या मधोमध साचते. दांडा डबीच्या काठावर एकदा टिचकावून सैल पावडर झाडा. पहिला फटकारा हाताच्या पाठीवर मारलात तर आणखी चांगलं, कारण तोच सगळ्यात जड असतो.

गालाचं हाड शोधायला बोट फिरवा, उंचवटा लगेच लागतो. डोळ्याच्या बाहुलीतून सरळ खाली येणारी एक रेघ मनात धरा. चमक त्या रेघेच्या बाहेरच्या बाजूला, उंचवट्याच्या माथ्यावर सुरू करा आणि कानशिलाकडे न्या. नाकाजवळ आणू नका, तिथली छिद्रं उठून दिसतात. फटकारे लहान आणि एकाच दिशेने. ब्रश त्वचेला जेमतेम लागला पाहिजे.

एक थर झाला की थांबा आणि मान वळवून बाजूच्या उजेडात पाहा. समोरच्या दिव्यात हायलायटर नेहमी कमी वाटतो आणि तिथेच आपण जास्त लावून बसतो. हवा असेल तर दुसरा थर द्या, पण नव्याने पावडर घेण्याआधी ब्रशमध्ये उरलेलीच वापरून पाहा. शेवटी ब्रश टिश्यूवर पुसून त्याच्या स्वच्छ बाजूने चमकीच्या कडा गोल गोल फिरवत विरघळवा.

सुरकुत्या, पुरळ किंवा मोठी छिद्रं असलेल्या जागी चमक मुळीच नको. थोडी वर, सपाट त्वचेवर सरकवली की काम भागतं.

जास्त लागलंच तर घासू नका. फाउंडेशनचा उरलेला अंश असलेला स्पंज तिथे थोपटा.

पावडर उचललीच जात नसेल तर डबीचा पृष्ठभाग बघा. त्वचेचं तेल ब्रशवाटे डबीत जाऊन वर कडक, काचेसारखी साय धरते. पारदर्शक चिकटपट्टी अलगद टेकवून उचलली की ती साय निघते. ब्रश ओला करून चमक वाढवायची असेल तर त्यासाठी कृत्रिम ब्रश वेगळा ठेवा.

धुणं आणि ठेवणं

प्रत्येक वापरानंतर मऊ, कोरड्या कापडावर ब्रश हळुवार पुसला तर वारंवार धुवावं लागत नाही. रोजच्या वापरातला शेळीच्या केसांचा ब्रश महिन्यातून एक-दोनदा धुतला तरी चालतो, खारीचा त्याहून कमी.

पाणी कोमट, शॅम्पू सौम्य. ब्रशचं टोक खालीच ठेवा, म्हणजे पाणी नळीत शिरणार नाही. ते शिरलं की आतला गोंद सुटतो आणि केस गळू लागतात. तळहातावर शॅम्पूचा फेस करून माथा त्यात अलगद फिरवा, पाणी निर्मळ येईपर्यंत खळखळा, मग मुळाकडून टोकाकडे हलके दाबून पाणी काढा. रंगवलेल्या केसांचा नवा ब्रश पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडा रंग सोडतो, त्याने बिचकू नका. कंडिशनर टाळा, केस गुळगुळीत झाले की पावडर धरत नाहीत. अल्कोहोलचा क्लीनरही नको, तो केस कोरडे आणि ठिसूळ करतो.

बोटांनी माथ्याला आकार द्या आणि माथा टेबलाच्या कडेबाहेर मोकळा राहील असा ब्रश आडवा ठेवा. उन्हात नको, ड्रायरखाली नको. दाट माथ्याच्या आतला भाग वाळायला वेळ लागतो, म्हणून दुसऱ्या दिवशी मुळाशी बोट लावून पाहा आणि ओल वाटली तर आणखी थांबा.

नैसर्गिक केस केराटिन या प्रथिनाचा असतो आणि लोकरीला लागणारी कसर त्यालाही लागते. त्यामुळे ब्रश धुतलेला, पूर्ण वाळलेला आणि झाकलेला असावा, पण दमट हवाबंद पिशवीत कोंबू नका, तिथे बुरशी धरते. कोरड्या कपाटात, माथ्याला आधार देणारी जाळीची नळी चढवून ठेवला तर उत्तम. बरेच दिवस पडून असलेला ब्रश चेहऱ्याला लावण्याआधी केस फाकवून मुळाशी नजर टाका. तिथे भुसा दिसला किंवा केस मधूनच कुरतडलेले आढळले, तर तो बाजूला काढा आणि शेजारचे ब्रशही तपासा.