मॉडेलमधली ओली माती: माझा अनुभव

मे महिना, जळगाव. बाहेर पारा ४४ च्या वर आणि माझं डब्ल्यूआरएफ मॉडेल (हवामानाचा अंदाज देणारी संगणकप्रणाली) दुपारी ४० वर अडलेलं. सीमास्तराची, म्हणजे जमिनीलगत हवा घुसळणाऱ्या थराची, उंची त्यात जेमतेम दीड किलोमीटर. एवढ्या कोरड्या उन्हाळ्यात तो थर दुपारी तीन किलोमीटरच्या वर सहज चढतो.

संशय आधी सीमास्तराच्या स्कीमवर, म्हणजे मॉडेल तो थर ज्या पद्धतीने मोजतं तिच्यावर. वायएसयू नावाची पद्धत काढून एमवायजे लावली, दोन रात्री गेल्या, फरक नगण्य. मग उष्णतेचे प्रवाह तपासले, तर जमिनीला मिळणारी निम्मी ऊर्जा बाष्पीभवनात जात होती. मे महिन्यात पाणी आणलं कुठून? मॉडेलच्या नकाशात अख्खा जिल्हा हिरवी शेती होता. प्रत्यक्षात कापसाची रानं नांगरून उघडी, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. ओल काय ती रावेर-यावलकडच्या केळीबागांत, तीही ठिबकवर.

नोआ स्कीममधल्या (मॉडेलचा जमीन-माती सांभाळणारा भाग) मातीच्या वरच्या तीन थरांतला ओलावा कोमेजबिंदूजवळ, म्हणजे झाडं कोमेजतात इतक्या कोरडेपणाजवळ आणला, हिरवळीचं प्रमाण घटवलं, केळीपट्टा मात्र तसाच ठेवला. सीमास्तर तीन किलोमीटरच्या पुढे गेला, तापमानही जुळलं.

मॉडेलमधली रात्र मात्र अजून उबदारच. अंगणात खाट टाकणाऱ्याला विचारा, पहाटे चादर लागते! मॉडेल हवेची गणितं ज्या उंचींवर करतं, त्यातली सर्वात खालची पातळी ५० मीटरवर होती, ती १५ वर आणल्यावर जमिनीलगतचा गार थर दिसू लागला.

आणि हो, या सगळ्याआधी एक अख्खा दिवस मी ‘कमाल तापमान सकाळी साडेदहाला का?’ म्हणून डोकं फोडत होतो. आउटपुट यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत होतं. साडेपाच तास मिळवायचे राहिले होते.