गप्पीच्या पिल्लांसाठी जाळीचा डबा

काचेच्या टाकीत पाळलेली गप्पी मासोळी व्याली की मोठे मासे पिल्लं लगेच मटकावतात, त्यांची आईसुद्धा. माझी पहिली वीण अशीच गेली; सकाळी जावा मॉस या पाणवनस्पतीत तीनच पिल्लं दडून बसलेली दिसली. फार जीव तुटला. तेव्हापासून हा डबा वापरते.

आइस्क्रीमचा एक लिटरचा डबा साबण न लावता धुवा. चारही बाजूंना कटरने खिडक्या कापा, कडेला बोटभर प्लास्टिक राहू द्या. आतून नायलॉनची मच्छरदाणी ताणून नायलॉनच्याच दोऱ्याने शिवा. मच्छरदाणी साधी घ्या. कीटकनाशक लावलेली असेल तर मासे मरतात! टाके अगदी जवळजवळ घाला. पिल्लू जेमतेम ६-७ मिलिमीटरचं असतं, कोपऱ्यातल्या फटीतून सहज निसटतं.

काठाला बाहेरून थर्मोकोलच्या पट्ट्या बांधा, म्हणजे डबा तरंगतो. काठ पाण्याच्या दोन बोटं वर हवा. फिल्टरच्या धारेखाली ठेवू नका, पण पाणी हलतं राहील अशी जागा बघा. आत मॉसचा झुपका सोडा. जाळीवर शेवाळ धरलं की जुन्या टूथब्रशने हलकेच घासा.

साधारण दीड महिन्याने, मोठ्यांच्या तोंडात मावेनाशी झाली की पिल्लं टाकीत सोडा.