वेल्डच्या कडेला जस्त धरत नव्हतं

रेलिंगचे वेल्ड केलेले पाइप गॅल्व्हनायझिंगहून (गंजू नये म्हणून जस्ताचा थर चढवून) आले की नेमके वेल्डच्या कडेला काळे, उघडे ठिपके. ॲसिडमध्ये जास्त वेळ ठेवून पाहिलं, फ्लक्स (जस्त नीट धरावं म्हणून बुडवण्याआधी लावायचं रसायन) बदलला, फरक शून्य. दोन लॉट परत आल्यावर डोकंच फिरलं.

दोष स्लॅगचा, म्हणजे वेल्डिंग रॉडच्या लेपातून वेल्डवर जमणाऱ्या कडक थराचा निघाला. तो काचेसारखा, हायड्रोक्लोरिक ॲसिडला दाद देत नाही. आता आधी चिपिंग हॅमरने स्लॅग उडवतो, मग वायर ब्रश, सांध्याच्या कोपऱ्यात ग्राइंडर. टोकदार खिळ्याने खरवडून राखाडी कपची निघाली, तर पुन्हा ब्रश. त्यानंतरच तेल-ग्रीस काढायला कॉस्टिक, मग पाणी, ॲसिड, पुन्हा पाणी, फ्लक्स. पूर्ण सुकवून मग सुमारे ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात. वेल्डिंगचे उडणारे थेंब चिकटू नयेत म्हणून मारायचा स्पॅटर स्प्रेही सिलिकॉन नसलेला घेतला.

बंद टोकांना भोकं मात्र हवीतच. आत अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन पाइप फुटतो.