पहिल्या वाढदिवसासाठी क्रोशाचा फ्रॉक

नात किंवा भाची झाली की बारशासाठीच क्रोशाचा फ्रॉक विणायला घ्यावा असे वाटते, पण त्या मापाचा फ्रॉक काही आठवड्यांतच आखूड होतो. बारशाला कुंची पुरेशी आहे. फ्रॉक पहिल्या वाढदिवसाच्या मापाने विणावा. वर्षाच्या मुलीची छाती साधारणपणे 46 ते 48 सेंटिमीटर भरते आणि त्यात 4 सेंटिमीटर सैलपणा धरावा लागतो. फ्रॉक गुपचूप विणायचा असेल, तर तिच्या आईकडून अंगाला नीट बसणारे एखादे झबले मागून घ्यावे व त्यावरून माप पडताळावे.

ठाणे आणि नवी मुंबईच्या दमट हवेत लोकर टोचते, म्हणून मऊ सुती दोरा आणि 2.5 मिलिमीटरची सुई घ्यावी. जांभळी नाक्याच्या बाजारातून घ्या किंवा वाशीतून, सगळे गुंडे एकाच वेळी आणि एकाच लॉटचे घ्यावेत, कारण पुढच्या लॉटमध्ये रंगाची छटा बदलू शकते.

यानंतरची पायरी कंटाळवाणी असली तरी ती टाळू नये. खांबांचा, म्हणजे सुईवर एकदा दोरा घेऊन विणलेल्या उंच टाक्यांचा, सुमारे 14 सेंटिमीटरचा चौकोनी नमुना विणून, धुऊन, वाळवून मगच मधल्या 10 सेंटिमीटरमधले टाके मोजावेत, कारण सुती वीण पाण्यात आटते. पुढचा हिशेब 10 सेंटिमीटरमध्ये 20 खांब आणि 10 ओळी धरून केला आहे. टाके जास्त भरल्यास सुई जाड घ्यावी, कमी भरल्यास बारीक.

गळ्यासाठी 62 साखळ्या घालाव्यात आणि सुईपासून चौथ्या साखळीत पहिला खांब घालून ओळ पूर्ण करावी. सुटलेल्या तीन साखळ्या एक खांब धरल्या की 60 खांब होतात. हे खांब 10, 10, 20, 10, 10 असे, म्हणजे अर्धी पाठ, बाही, पुढचा भाग, बाही आणि उरलेली अर्धी पाठ असे विभागून, दोन भागांच्या मध्ये प्रत्येकी एक साखळी घालावी. पुढच्या 11 ओळींत या चारही कोपऱ्यांच्या साखळीत खांब, साखळी, खांब असे घातले की दर ओळीला आठ खांब वाढतात आणि शेवटी पुढे 42, मागे दोन्ही मिळून 42 खांब होतात. बाह्यांचे खांब सोडून प्रत्येक काखेत 10 साखळ्या घालाव्यात व पाठीकडून गोल जोडून घ्यावे. छातीचे 104 टाके मिळतात.

घेरासाठी पहिल्या फेरीत दर दुसऱ्या टाक्यात दोन खांब घालून 156 टाके करावेत. नंतर काखेपासून 25 सेंटिमीटर होईपर्यंत साध्या फेऱ्या विणून, कडेला दोन टाके सोडून एकात पाच खांब, पुन्हा दोन सोडून एक मुका खांब (सुईवर दोरा न घेता विणलेला आखूड टाका), अशी शिंपल्यांची नक्षी घालावी. 26 शिंपले अचूक बसतात. योकमध्ये, म्हणजे गळ्यापासून काखेपर्यंतच्या भागात, जाळीदार नक्षी मात्र नको, कारण छिद्रांत बाळाची बोटे अडकतात.

मागची फट दोन चपट्या बटणांनी बंद करावी. बटणे दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवून ओढून पाहावीत, कारण सुटलेले बटण बाळाच्या तोंडात जाऊ शकते. गळ्याला नाडी तर लावूच नये.

फ्रॉकसोबत धुण्याची सूचना लिहून द्यावी: ओला फ्रॉक दोरीवर टांगला तर पाण्याच्या वजनाने तो लांबतो, म्हणून पावसाळ्यातही तो टॉवेलवर पसरून पंख्याखाली वाळवावा.