नवे कलाकार शोधायचे तर समूह प्रदर्शनांच्या याद्या वाचा

नवे चित्रकार, छायाचित्रकार शोधायला बसलं की समाजमाध्यमं त्याच त्या लोकप्रिय नावांभोवती फिरवत राहतात. त्यापेक्षा आवडलेल्या एका कलाकाराच्या संकेतस्थळावर जाऊन त्याचा सीव्ही उघडा. एकल प्रदर्शनं सोडून द्या, समूह प्रदर्शनं बघा. खरा माल तिथेच असतो. त्या प्रदर्शनांत आणखी कोण होतं ते शोधा आणि दोन-तीन ठिकाणी पुन्हा दिसलेलं नाव टिपून ठेवा.

कोणीच माहीत नसेल, तर ब्रिटनमध्ये समकालीन कलेसाठी १९८४पासून दिल्या जाणाऱ्या टर्नर पारितोषिकाच्या अंतिम याद्या घ्या. विजेत्यापेक्षा उरलेली नावं अनेकदा जास्त रंजक निघतात, निदान मला तरी.

मांडणशिल्पाचा, म्हणजे एखाद्या जागेत वस्तू मांडून घडवलेल्या कलाकृतीचा, अंदाज मात्र एका फोटोवरून बांधू नका. मोजमापं वाचा, मिळाला तर व्हिडिओ बघा.