पद्मिनीच्या विशबोनवर पावडर कोटिंगखाली गंज: शेवटी काय टिकलं

माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं पावडर कोटिंग (पावडर भाजून बसवलेला रंग) वरून चकचकीत, पण पावसाळा संपल्यावर खालच्या विशबोनवर, म्हणजे पुढचं चाक गाडीला जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या भागावर, फुगवटे. नखाने उचकटलं तर टिकलीएवढा पापुद्रा निघाला, आत ओला तांबडा गंज. खडीने टवका उडतो आणि पाणी कोटिंगखाली पसरत जातं. त्याआधीचं रेड ऑक्साइड आणि एनॅमल तर एकच पावसाळा टिकलं होतं. दोनदा सस्पेन्शन उतरवून वीट आला.

तिसऱ्यांदा असं केलं: बुश (सांध्यांत दाबून बसवलेल्या नळ्या) काढले, भागांवरचं तेल-ग्रीस धुऊन काढलं, आटे आणि बुशची भोकं टेपने झाकली, मग नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत सँडब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज उडवणं). घरी आणून ठेवायचं नाही, नाशिकच्या पावसाळी हवेत उघडं लोखंड लगेच तांबूस होतं. त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर टू-के पीयू (दोन घटक मिसळून लावायचा पॉलियुरेथेन रंग) काळा. आठवडाभर वाळू दिलं, मगच बुश दाबले.

स्प्रिंगांना झिंक प्लेटिंग करून घेऊ नका, कितीही स्वस्त पडलं तरी. त्या प्रक्रियेत हायड्रोजन कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होऊन तुटू शकतं. त्यांनाही इपॉक्सीच. मागच्या पाटा-स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये मात्र रंग नाही, ग्रॅफाइट ग्रीस.

दोन पावसाळे झाले. एक टवका उडालाय, पण गंज त्याच्यापुढे सरकलेला नाही.